सात पानांची काडी

प्रतीक्षानगर सोडून पनवेलला जाताना
धुरीकाकूंनी तेलाच्या पाच लिटरच्या डब्यातलं
एक रोप माझ्या हातात ठेवलं.
डबा खालून खिळ्यानं भोसकलेला,
काडी वीतभर,
पानं अशी चकचकीत, की कुणी एकेक पुसून लावलंय.

मी ते ग्रिलमध्ये ठेवलं, गॅसच्या उजव्या हाताला,
आणि सहा वर्षं फोडणीत घातलं.

वास यायचा नाही.
"कुठल्या जातीचा कढीपत्ता हा?"
नवरा ताटाच्या कडेला पानं सारत विचारायचा.
मी माती बदलली.
आंबट ताक ओतलं पाणी घालून,
ताकानं वास चढतो असं कुणी म्हणालं होतं.
वडाळ्याकडून येणाऱ्या सिमेंटच्या धुळीनं राखाडी झालं
की ओल्या फडक्यानं पुसलं.
पिठ्या ढेकूण आला तेव्हा दाढीच्या जुन्या ब्रशानं,
साबणाच्या पाण्यानं,
बेचक्याबेचक्यातून काढला.
सगळं केलं.
आणि रोज शेंडा खुडला.

माझं काम ओळखण्याचं आहे.
परळला, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
जांभळ्या रंगवलेल्या रक्तात मी शंभर पेशी मोजते.
ही तीन खणांची, ही गोल केंद्रकाची,
ही अजून कच्ची,
हिच्यासाठी डॉक्टरांना फोन करायला हवा.
बावीस वर्षांत दोनदा चुकले.
दोन्ही तारखा पाठ आहेत.

गेल्या भाद्रपदात सासूबाईंचा खुबा मोडला.
चिपळूणला पाच आठवडे.
पाणी घालायला शेजारच्या तेजसकडे किल्ली.
ओट्यावर काही तापलं नाही,
शेंड्यांकडे कुणाचा हात गेला नाही.

परतले रात्री साडेनऊला.
दार उघडलं आणि वाटलं, चुकीच्या घराला किल्ली लागली.
दिवा न लावता वासाच्या मागे ग्रिलपर्यंत गेले.
पांढरं.
प्रत्येक शेंड्यावर पांढरं,
पाच पाकळ्या मागे मुडपलेल्या,
काही गळून पडलेल्या
थंड शेगडीवर.

सकाळी डब्याच्या पिशवीतून एक डहाळी नेली,
हॉस्पिटलच्या बागेतल्या लहू जाबरांना दाखवली.
फुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.
पान चुरगळलं, हुंगलं, मला हुंगायला दिलं.
लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, दुरून.
"मोजा," म्हणाले.
मोजली. एका काडीवर सात.
"कढीपत्त्याला पंधरा-वीस असतात,
टोकदार, कडेला बारीक दाते.
ही कुंती. कुंपणाला लावतात.
भावकीतलीच आहे त्याच्या,
पण बाई, फोडणीत कशाला?"

रोज शंभर मोजणारी मी,
सातपर्यंत कधी गेले नव्हते.

काकूंना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं,
तीनदा सांगावं लागलं.
"अगं, कढीपत्ता मी कुठे म्हटलं?
मी म्हटलं, घे, जगेल.
तूच 'फोडणीची सोय झाली' म्हणालीस.
म्हटलं, असेल तुमच्यात तसं."

आता फळं धरलीत,
मक्याच्या दाण्याएवढी, ओल्या मिरचीसारखी लाल.
बी वाळवायचं नाही, जाबरांनी बजावलंय,
गर धुऊन लगेच मातीत.
दह्याच्या दोन डब्यांत पेरलं.
बाजूला चिठ्ठी लावली, नमुन्याच्या नळीला लावते तशी,
तारीख, सही,
आणि नावाची जागा
आधी सवयीनं रिकामी सोडली, मग भरली.

कढीपत्ता भाजीवालीकडून येतो, कोथिंबिरीवर फुकट.
तरी मोहरी तडतडली
की उजवा हात खिडकीशी जातो,
शेंड्याला लागतो,
आणि तिथून मागे येतो.

हिंग टाकताना
बोटांना अजून लिंबाचा वास असतो.