पाळी

उभ्या यंत्रापुढे माणूस पाठीवरून ओळखावा,
म्हणायचा तोकुजी. एका पायावर भार,
काचेच्या कडेला पुढच्याचं नाणं,
मानेवर परका श्वास.

मेजातल्या यंत्राचं तसं नाही.
हाकोदातेच्या या कॉफीघरात
खेळ काचेखाली, वर कप,
कपाचं ओलं कडं नेमकं तिथं
जिथून शत्रूची रांग उतरते.
गुडघ्याला गुडघा लागायचा
आणि कोणी सॉरी म्हणायचं नाही.

किनुए अजून दोघांचाच खेळ लावते.
दोन नाणी.
तिचं यान पडलं की चित्र उलटं फिरतं,
रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.
त्याचं यान आपसूक पडेस्तोवर
ती हात लावत नाही.
कॉफी निवते.

उभ्या यंत्रावर हे जमलं नसतं.
तिथं पाळी संपली
की माणूस नुसता बाजूला होतो.