दुसऱ्या खंडापासून सुरू करा

वाचनालयात सुचवणीची वही ठेवलीय.
तिच्यात एका पुस्तकाला दोन ओळी.
मला पुरत नाहीत, म्हणून हे
कौलाच्या कारखान्यातल्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर.

मंडळी, ते पाच खंड घ्या.
खालच्या फळीवर, शेतकी अहवालांना टेकून,
तपकिरी, शिवण उसवलेले.
त्यांत राजा नाही, किल्ला नाही, तलवार नाही.
लोखंडच नाही अजून.
मष्णू म्हणाला, मग भांडतात कशावरून?
विस्तवावरून, मष्णू.
आणि एका आंधळ्या म्हातारीला
हिवाळ्यात सोबत न्यायची की गुहेत ठेवायची,
ह्यावरून एकशे दहा पानं.

पहिल्यापासून सुरू करू नका.
त्यात चाळीस पानं नुसतं गवत आहे.
(मला आता तेच गवत आवडतं,
पण ते तिसऱ्या वाचनात.)
दुसरा घ्या. दोनसावली नावाची पोर
नदी ओलांडते, परक्या टोळीला सापडते.
तिला तहान लागलीय.
तिच्याकडे पाण्याला एक शब्द आहे,
त्यांच्याकडे दुसराच.
ती ओंजळ करते.
संपलं प्रकरण. खाली अर्धं पान कोरं.

ते कोरं पान बघत मी
खानापूर स्टँडवर बसलो होतो.
भट्टीवरचा इराप्पा आला. काय वाचूलैस, म्हणाला.
त्याला मराठी एवढीच येते, आणि बाजारातली.
तेव्हापासून दर शनिवारी, पगार झाला की,
मी त्याला गोष्ट कन्नडमध्ये सांगतो.
माझी कन्नड कारखान्याची:
माती, ओल, हजेरी, पाळी, रजा.
त्यामुळे इराप्पाच्या गोष्टीत
टोळी शिकारीला जात नाही, पाळीवर जाते.
आणि म्हातारी मरते त्या दिवशी
तिची हजेरी लागत नाही.
इराप्पा रडला तिथं.
मूळ पुस्तकात मी रडलो नव्हतो.

तिसऱ्यात हत्ती आहेत, केसाळ.
आपल्याकडे येतात ते बिनकेसांचे,
दांडेलीच्या अंगानं, भात पोटरीला आलं की.
रवळूनं रात्रभर डबे बडवून त्यांना हाकललं,
सकाळी चहाच्या टपरीवर मी त्याला ते प्रकरण वाचून दाखवलं.
रवळू सहसा कुणाचं कौतुक करत नाही.
म्हणाला, ह्या माणसानं हत्ती बघितलाय.
हत्तीच्या आधी वास येतो,
हे घरी बसून सुचत नाही कुणाला.

चौथा खंड रेंगाळतो, खोटं कशाला बोलू.
लेखक दगड फोडण्याच्या नादी लागलाय,
टवका कसा उडतो, कुठल्या बोटाला लागतं.
पण तो वाचल्यावर मी मलप्रभेच्या पात्रात
उन्हाळ्यातल्या कोरड्या वाळूत एक दगड उचलला,
आणि अंगठा बरोबर एका खळग्यात बसला.
हायस्कूलच्या सरांना दाखवला.
ते म्हणाले, दगड आहे.
असेल. मी त्यानंच पान दाबून ठेवतो.

आता पाचवा.
पाचवा फळीवर नाही. नोंदीत आहे:
सातेरी गावडे, परिचारिका, सरकारी दवाखाना,
आणि त्यापुढं शाईचा डाग.
त्यांची बदली झाली, कुणी जांबोटी म्हणतं, कुणी कणकुंबी.
चार वर्षं झाली.
म्हणजे शेवट मीही वाचलेला नाही.
चारच खंड फिरवून फिरवून वाचतोय,
आणि तुम्हांला पाच वाचा म्हणतोय.

इराप्पाला मात्र थांबवता येईना.
दर शनिवारी, पुढं काय, पुढं काय.
शेवटी मी सांगून टाकलं:
दोनसावलीला नदीकाठी तांबडी माती सापडते,
चिकट, खडा नसलेली, चांगल्या कौलाची.
ती तिथंच बसते. टोळी पुढं जाते.
संध्याकाळी एकेक जण परत येतो.
इराप्पा बराच वेळ बिडी न ओढता बसला.
मग म्हणाला, बरोबर केलं तिनं.

तर सातेरीबाई,
हा कागद हिंडत हिंडत तुमच्यापर्यंत आला तर
पुस्तक पाठवून द्या, दंड मी भरतो.
बसच्या कंडक्टरकडे दिलंत तरी चालेल.
फक्त शेवट वेगळा असला
तर इराप्पाला कळू देऊ नका.