किती माणसांसाठी?

जुन्या ड्रमचं बूड शेवटी गेलंच.
रविवारी निखारे थेट गवतावर उतरले
आणि मी अनवाणी, हातात बागेचा पाइप,
शिव्या कुणाला द्याव्यात ते न कळून
अ‍ॅमोसलाच दिल्या.
तेलाचा ड्रम आडवा कापून त्यानंच केला होता तो,
बिजागऱ्या आमच्या पहिल्या घराच्या दाराच्या.
सहा वर्षं झाली त्याला जाऊन.
ड्रमनं एवढी कळ काढली, ती काय कमी?

पाइन ब्लफच्या हार्डवेअर दुकानात क्विंटन नावाचा मुलगा.
दाढी कालपरवा फुटलेली, पण धुराबद्दल मतं पक्की.
त्यानं आधी दाखवला फोनवरून चालणारा:
लाकडाच्या गोळ्या टाका, बटण दाबा, झोपा.
झोप येत असती, बाळा,
तर मी रात्रभर विस्तवापाशी कशाला बसले असते?

मग चिनी मातीचा, हिरवा, अंड्यासारखा.
देखणा. किंमत ऐकून मी झाकण खाली ठेवलं
इतकं हळू, की जणू आत कुणाचं पोर झोपलंय.

मग एक लांबुळका, बगलेत भट्टी जोडलेला.
त्याला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं,
आई कलिंगड घेताना वाजवायची तसं.
पत्रा पातळ. जानेवारीत थंडी
न विचारता आत येऊन बसेल.
"थर्मामीटर आहे ना," क्विंटन म्हणाला.
झाकणावरचा थर्मामीटर झाकणाचा ताप सांगतो,
जाळीवरचा नाही.
हे माझं नाही, अ‍ॅमोसचं,
आणि मग तो जाळीवर तळहात धरून मोजायचा:
एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी,
पाचाला हात ओढला तर बरोबर.

मी पर्समधून एका डॉलरची नोट काढली,
झाकणात अडकवून ओढली.
सहज आली. म्हणजे धूरही असाच जाणार.
पुढचा. आली. पुढचा.
क्विंटन बोलायचा थांबला,
नुसती झाकणं उघडून देऊ लागला.

कुंड्यांच्या मागे एक काळा उभा होता,
पिंपासारखा, जाड बुडाचा, आत दोन जाळ्या,
एका अंगाला पोचा.
नोट ओढली. येईना.
जोर लावला, तर कडेला फाटली.
"हा," मी म्हटलं.
"यात लहानही आहे," तो म्हणाला.
"किती माणसांसाठी हवाय?"

लायनेल डेन्व्हरला. नाताळात फोन करतो.
त्याची थोरली मांस खात नाही, कणीस भाजून मागते.
चर्चमधल्या निम्म्या बायका पथ्यावर.
शेजारच्या हॉलिसला डॉक्टरनं मीठ तोडलंय.
मोठा जाळ शेवटचा झाला तो
अ‍ॅमोसला पुरून आलो त्या दुपारी,
साठ माणसं जेवली
आणि मला कुणी चिमट्याला हात लावू दिला नाही.

एका हाताची बोटंही भरेनात.
मागे कुणीतरी खिळे तोलून घेत होतं.
"मोठा दे," मी म्हटलं,
"पोचा पडलाय, वीस डॉलर कमी कर."
त्यानं पंधरा केले.

नवा आणला की आधी रिकामा जाळावा लागतो.
आतून तेल फिरवायचं, मूठभर पिकनचं लाकूड,
तीन तास, कारखान्याचा वास जाईपर्यंत.
मी ड्रमच्या बिजागऱ्या सोडवत बसले.
एक निघाली. दुसरी गंजून घट्ट.
सुरुवातीचा धूर पांढरा, जाड, डोळ्यांत जाणारा,
मग केव्हातरी निळसर, जवळजवळ नसलेला.

कुंपणावर हॉलिस. ताटली घेऊनच.
"वर्डेल, काय शिजतंय?"
"काही नाही."
तो जरा वेळ धुराकडे बघत राहिला.
"बराच वेळ आहे म्हणजे," म्हणाला,
आणि फाटक उघडून आत आला.
मी बादली पालथी घातली त्याला बसायला,
आणि पक्कड दिली.