नक्कल अस्सल बरहुकूम

रात्री साडेनऊला ओजस वाचून दाखवतो,
की मोत्यांसाठी बुड्या मारणारे इथले लोक
अकरा मिनिटं श्वास रोखून धरायचे.
पोळीला तूप लावता लावता मी विचारते, कोण म्हणतं?
सगळेच म्हणतात.
आई, सात ठिकाणी आहे.

सात.
माझा दिवस जातो रास अल खैमात,
नखीलच्या टायपिंग सेंटरमधल्या तीन नंबरच्या खिडकीमागे,
आणि मला सात हा आकडा काहीच सांगत नाही.
याच्या बाबाचा आयटीआयचा कागद,
हा माणूस वेल्डर आहे, एवढंच म्हणणारा,
चिपळूणहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, मग वकिलात, मग मंत्रालय,
इतक्या दारांत उभा राहिला
की मूळ मजकूर शिक्क्यांखाली शोधावा लागतो.
एकाही शिक्क्याने त्याला
एक सांधा जोडून दाखव म्हटलं नाही.
प्रत्येकाने फक्त आधीचा शिक्का पाहिला.

हे मी बोलत नाही. तेराव्या वर्षी
एवढ्यात सगळंच खोटं वाटायला नको.
म्हणते, सातही उघड. शेजारी शेजारी लाव.
तो लावतो, कंटाळून. मग कंटाळायचा थांबतो.
तेच वाक्य. तोच स्वल्पविराम.
इंग्रजी श्वासात शिरलेला तोच एक जास्तीचा डी,
म्हणजे सातही जणांच्या मते बुडी मारणारे
अकरा मिनिटं रुंदी रोखून धरायचे.
आम्ही हसतो. बाबा आतून विचारतो, काय झालं?

म्हणजे एकानेच सांगितलंय?
हो.
कोणी? नाव नाही.
कधी? तारीख नाही.
खाली जाहिरात आहे, खोल पाण्यातही चालणाऱ्या घड्याळांची.

जुने कारकून नकलेखाली लिहायचे,
नक्कल अस्सल बरहुकूम,
आणि ताडून पाहिली म्हणणारा माणूस
त्याखाली सही करून अडकायचा.
इथे कोण अडकलंय?

गुरुवारी खल्फान येतात,
बकऱ्या राखणाऱ्याचा व्हिसा वाढवायला.
आजोबा मोत्यांच्या गलबतावर होते हे मला ठाऊक आहे,
कारण टोकन लागेपर्यंत ते दुसरं बोलतच नाहीत.
किती वेळ राहायचे हो पाण्याखाली?
बोटांतली तसबीह थांबते.
मी नव्हतो तिथे, म्हणतात.
आजोबा सांगायचे, असरला बुडालो की मगरिबला वर.
पण आजोबा थापाडे होते.
दोर आजीच्या भावाच्या हातात असायचा, त्याने ओढला की आजोबा वर.
तो म्हणायचा, सावकाश दोनदा फातिहा,
तिसऱ्यांदा सुरू केली तर माणूस गेला.

म्हणून दाखवाल?
ते डोळे मिटतात. मी भिंतीवरचं घड्याळ बघते.
रांगेतला एक बंगाली पोरगा टोपी काढतो,
पुन्हा घालतो.
सव्वा मिनिट.

घरी ओजस बादलीत तोंड घालून बघतो. अडतीस सेकंद.
केस निथळत वहीत लिहितो:
सुमारे सव्वा मिनिट. दोर धरणाऱ्याने सांगितलं,
ते त्याच्या बहिणीच्या नातवाने सांगितलं,
ते माझ्या आईने ऐकलं. नक्की नाही.

आणि लिंकच्या रकान्यात:
खल्फान, खिडकी नंबर तीन, गुरुवार, सकाळी सव्वाअकरा.

बिन्सी मिसनी अर्धा मार्क कापला, लिंक उघडत नाही म्हणून.
'नक्की नाही' खाली मात्र लाल रेघ आहे,
सरळ, पट्टीने मारलेली.
चूक म्हणून की शाबासकी म्हणून,
त्याला विचारायला सांगितलंय.