बंद करायची कळ

फेब्रुवारीत हांकोचा समुद्र चालण्याजोगा होतो.
लोक त्यावर कुत्री फिरवतात.
होड्या किनाऱ्याला, लाकडी ठोकळ्यांवर,
ताडपत्री पांघरून
परक्या घरी आलेल्या पाहुण्यांसारख्या अवघडून बसतात.

या दिवसांत मी समुद्र लिहिते.
आकड्यांत. लाटेची उंची, वाऱ्याचा रोख,
शिडाचा फुगवटा किती झाला की डोलकाठी कुरकुरेल.
धोब्याच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं, एक हीटर.

दर गुरुवारी आउलिस येतो.
चाळीस वर्षं जहाजांना खडकांतून वाट दाखवली त्यानं,
आता माझा खेळ तपासतो,
कॉफी आणि वेलदोड्याच्या पावावर.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"तुझा वारा फार आज्ञाधारक आहे, पोरी.
ये म्हटलं की येतो.
बेटाच्या आडोशाला गेलं की तो मेला पाहिजे,
आणि टोक ओलांडलं रे ओलांडलं
की कानाखाली आवाज निघाला पाहिजे."
तीन आठवडे गेले त्या एका थपडेत.

मग म्हणाला, होडी सरळ जाते.
"सरळ कुठली होडी जाते?
तोंड बेटाकडे, जाणं भलतीकडे,
खेकड्यासारखी तिरकी घसरत जाते ती,
आणि आपण सुकाणू धरून म्हणायचं, आपणच नेतोय."

इतरांच्या मागण्याही येतात.
कुओपिओच्या दंतवैद्याला हवेत सगळे दोर, सुटे सुटे,
चुकीचा सोडला तर शीड फडफडून
इज्जत घालवलीच पाहिजे त्यानं.
ओउलूची एक नर्स लिहिते,
घड्याळ पळवायची सोय नको.
सहा तासांची वाट सहा तासच असू दे.
डोळा लागला आणि खडकावर गेले तर जाऊ दे,
रात्रभर मी दुसऱ्यांसाठी जागी असते.
रोव्हानिएमीचा ट्रकवाला
(समुद्र त्यानं आयुष्यात दोनदा पाहिलाय)
विचारतो, ओल्या दोरानं तळवे सोलतात,
ते कसं दाखवणार?

ते मला जमलेलं नाही.

परवा आउलिसनं विचारलं, "इंजिन आहे का यात?"
शिडाच्या खेळात इंजिन? लोक शिव्या घालतील मला.
"घालू देत. जुनं डिझेलचं घाल, एका सिलिंडरचं.
बंदराबाहेर पडेपर्यंत अर्धा तास,
दात हलतील असं डुगडुगणारं."
आणि मग?
कप बशीत ठेवला त्यानं. बराच वेळ काही बोलला नाही.
"मग बंद करायची कळ."

त्याच्याच होडीवर गेलो आम्ही.
ताडपत्रीखाली वाकून शिरलो,
इंजिनाला बादलीतून कोमट पाणी पाजलं,
तरी ते तीन वेळा खोकलं, मग चिडून सुरू झालं.
सात मिनिटं मी माइक धरून उभी,
बोटं कुठे संपतात ते कळेना.
त्यानं कळ दाबली.

मला फक्त इंजिन हवं होतं.
पण माइक चालूच राहिला:
ताडपत्रीची एक कड, आउलिसचा श्वास,
आणि लांब बर्फावर कुणाचा तरी कुत्रा.

खोलीवर येऊन त्यानं कानांवर हेडफोन चढवले.
पडद्यावरच्या बंदरातून डुगडुगत बाहेर पडला,
दीपगृह मागे टाकलं, कळ दाबली
आणि हात मांडीवर ठेवून बसला.
होडी वाहवत चालली. पाच मिनिटं. पंधरा.
शीड चढवायचं राहिलं, मी म्हटलं.
"तुला कुठे जायचंय का?"

कुत्रा काढून टाकते म्हटलं, तर नको म्हणाला.

काल दंतवैद्याचं पत्र आलं.
दोर उत्तम. वारा उत्तम. घसरण अगदी खरी.
एकच चूक राहिली आहे, दुरुस्त करावी:
किनाऱ्यापासून तीन मैलांवर, इंजिन बंद केल्यावर,
कुत्रा भुंकतो.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.