चार बोटं समुद्र

जहाज संध्याकाळी सहाला सुटणार होतं.
सहाचे नऊ झाले, नवाचे अकरा.
मालाच्या जहाजाला प्रवाशाची घाई नसते,
आणि प्रवासी म्हणजे मी एकटीच.
कागदावर माझ्या नावापुढं लिहिलंय : अतिरिक्त व्यक्ती.
वरच्या ओळीत लाकडी फळ्या, खालच्या ओळीत खत.

रोडेलिओनं जेवण आणून ठेवलं.
भात, कसलासा रस्सा, एक सोललेलं संत्रं.
"पहिल्या रात्री जरा कमीच खा, मॅडम."
मी काय खाते याकडं
कुणाचं लक्ष जाऊन बरीच वर्षं झाली होती.

खिडकी मात्र चांगली मिळाली होती.
खाडीपलीकडं वाळूची लांबलचक जीभ, तिच्यावर पाइन,
आणि उतारू बोट, इकडून तिकडं, तिकडून इकडं,
काहीतरी घरी विसरल्यासारखी.

तेवढ्यात सात नंबरची क्रेन हलली.
सातवर आज गिंताउतास. माझा नवरा.
सव्वीस वर्षं वर बसून खाली बघतोय.
चाळीस फुटी पेट्या अंडी ठेवावीत तशा ठेवतो,
घरी चहाचा कप आपटतो.

तांबडा कंटेनर हवेत आला,
थबकला, स्वतःभोवती किंचित फिरला,
आणि अलगद
माझ्या खिडकीपुढं येऊन बसला.
वाळू गेली, पाइन गेले, बोट गेली.
काचेपासून हातभर लांब नुसता पत्रा.

मी फोन लावला.
"माझी खिडकी बंद केलीस."
"कुठली तुझी?"
"डावीकडची. चौथा मजला."
वारा ऐकू आला, मग रेडिओची खरखर.
"प्लॅनमध्ये तसंच आहे," म्हणाला.
"फ्रीजमध्ये स्टिंता आहेत. आजच तळून खा."
"बघतो."
स्टिंता ताजे असले की त्यांना काकडीचा वास येतो.
नंतर माशाचाच येतो.

तीन आठवडे, असं मी सगळ्यांना सांगितलंय.
तिकीट एकाच बाजूचं आहे
हे सांगायचं राहून गेलं.

तीन चाळीसला बशीतला चमचा किणकिणायला लागला.
एवढंच. ना भोंगा, ना कुणाचा हात हलवणं.
वर ब्रिजवर गेले तेव्हा धक्का आधीच सरकत होता,
क्लायपेदा स्वतःच उठून चालल्यासारखं.
सगळ्या क्रेननी हात वर केले होते, सातनंही.
तिच्या केबिनमध्ये दिवा होता.
पाळी तर दोनलाच संपते.
विसरला असेल. दिवे तो विसरतोच.

कप्तान झुराब पायलटशी इंग्रजीत बोलत होता,
पायलट विदमांतास माझ्याशी आपल्या भाषेत :
"थंडी आहे, बाई, कोट घाला."
कोट घातला आणि खिशात किल्ली लागली.
शेजारच्या ओनाबाईंच्या टपालपेटीची.
कुंड्यांना पाणी घालायचं त्यांनी कबूल केलंय,
आणि त्यांचीच किल्ली मी समुद्रावर घेऊन निघाले.

हिरवा दिवा, तांबडा दिवा, मधून आम्ही.
बांधाच्या टोकावर गळ टाकून एकजण बसला होता.
त्यानं मान वर केली,
थर्मासचं झाकण घट्ट केलं.

विदमांतासनं किल्ली घेतली, आतल्या खिशात टाकली.
"पत्ता?"
"सात नंबरच्या क्रेनवाल्याला द्या. त्याला कळेल."
मग तो कठड्यापलीकडं दोराच्या शिडीवरून उतरत गेला,
आधी पाय गेले, मग खांदे, मग लोकरी टोपी,
आणि तिच्यामागोमाग
या जहाजावरची माझी भाषा.
छोटी बोट वळली. तिच्या इंजिनाचा आवाज
आमच्या आवाजात किती वेळ वेगळा ऐकू येत होता
ते मी मोजलं नाही.

खाली येऊन कपड्यांसकट झोपले.

जाग आली तर पत्र्यावर उजेड.
गंजाचे पोपडे, अर्धवट खरडलेले आकडे,
आणि उजव्या कडेला, या पेटीच्या आणि पुढच्या पेटीच्या मध्ये,
एक फट.
काचेवर हात ठेवून मापली. चार बोटं.
चार बोटं करडं पाणी,
खालून वर चढतंय, वरून खाली जातंय.

रोडेलिओ दार वाजवून म्हणाला,
"सॉरी मॅडम, तुम्हाला खिडकीच नाही राहिली."
मी म्हटलं, आहे.