डाव्या कुशीवर

पुंता अरेनासला वारा पिसाळला
की नगरपालिका चौकात दोरखंड ताणून ठेवते.
तो धरत धरत मी चढ चढते, सातव्या महिन्यातली.
माझ्यापुढे पोट. पोटापुढे वारा.

अग्निशामक ठाण्याच्या माडीवर आम्ही पाचजणी.
खाली लाल बंब, जिन्यात ओळीने हेल्मेटं,
भिंतीवर जुने कप्तान, सगळ्यांच्या मिशा एका कारखान्यातल्या,
आमच्या उघड्या, सुजलेल्या पावलांकडे बघत.

नेल्दा बार्रिया शिकवते.
इथे आग विझवायला पगारी माणूस नसतो.
पाववाला, दातांचा डॉक्टर, शाळेचा शिपाई,
ज्याला भोंगा ऐकू येईल तो धावतो. नेल्दाही.
आसनांची नावं कुठल्या लांबच्या भाषेतली,
'मार्जारासन' म्हणताना तिच्या तोंडातला र
होडीच्या इंजिनासारखा घरघरत राहतो.
मग तीच कंटाळते. म्हणते, बायांनो, मांजर व्हा.
आता गाय.

मला गाय जमत नाही.
मी मेंढ्यांत वाढले. बर्फात विणाऱ्या मेंढ्यांना
श्वास कसा घ्यावा हे कुणी शिकवल्याचं
मला आठवत नाही.
हे मी एकदा बोलूनही दाखवलं.
नेल्दा म्हणाली, त्यातल्या किती मेल्या तेही आठव, यास्ना.

शेवटच्या आसनाचा अर्थ तिनं पहिल्याच दिवशी सांगितला होता:
प्रेत.
दानित्सा उठली, तिनं कोट घातला, बटणं चुकीची लावली.
मागच्या हिवाळ्यात तिनं दुकानात
एक पाळणा परत केला होता, पावतीसकट.
दोन आठवड्यांनी ती परत आली.
तेव्हापासून त्या आसनाला नाव नाही.
नेल्दा नुसतं म्हणते, डाव्या कुशीवर.

आणि माझं एक, जे मी एलादियोलाही सांगितलेलं नाही
(तो खेकड्यांच्या बोटीवर, तीन आठवडे झाले):
मला धुराचे डोहाळे लागलेत.
दिवसाचे आठ तास मी खेकड्यांचे पाय मोडते,
बोटांचा वास साबणाला दाद देत नाही,
आणि मला हवी असते जळकी लाकडं, करपलेला पाव,
शेजाऱ्याच्या धुराड्याखाली मी उगाच
बुटाची नाडी बांधत बसते. वाकता येत नसताना.

त्या गुरुवारी भोंगा झाला.
आम्ही चारी पायांवर, पाठी वर ताणलेल्या.
नेल्दा जिन्यातूनच ओरडली, श्वास सोडू नका!
म्हणजे सोडा! म्हणजे चालू ठेवा!
बंब गेला. खिडक्या थरथरल्या, मग फक्त वारा.
मालकीण बाहेर गेलेल्या घरात
पाच मांजरी.
कुणीच हललं नाही. कुणाला कळेना आता गाय की काय.

आणि दानित्सा मोजू लागली.
चार आत. सहा बाहेर.
आवाज चिरका, जिन्याखाली बसून मोजल्यासारखा.
चार आत.
एकदा सहावर अडकली, नुसतीच थांबली,
आम्ही रिकाम्या छातीनं वाट बघत राहिलो
तिनं पुन्हा एकपासून धरलं तोवर.

पाऊण तासानं नेल्दा आली. केस ओले, कपाळावर काजळी.
कोण गेलं? आम्ही एकदम विचारलं.
एक पडदा, ती म्हणाली, एक कोंबडी,
आणि म्हातारीच्या तोंडून ज्या शिव्या आल्या
त्या पोटातल्यांसमोर सांगण्यासारख्या नाहीत.
कुठवर आला होतात?
सहा बाहेर, दानित्सा म्हणाली.

मग नेल्दाही आडवी झाली, बूट न काढता,
माझ्या चटईच्या कडेला, डाव्या कुशीवर.
मी तिच्या मागे. माझ्या नाकाशी तिचे केस,
ओला लोकर, राख, करपलेलं पीस.
मी श्वास घेतला.
वर्गाच्या तीन महिन्यांत
इतका खोल मला कधी जमला नव्हता.
बघ, नेल्दा डोळे मिटूनच म्हणाली,
सरावानं येतं.